ब्राझीलहून सगळं आणलं, तेवढी पावती राहिली

पोस्ट मोठी आहे. ऊस घालत असाल तर पूर्ण वाचा. ऊस नसेल आणि नुसतं डेअरीला दूध घालत असाल तरी वाचा, कारण या सगळ्याचं उत्तर शेवटी दुधातच सापडलंय.

डिसेंबरात मी अडीच आठवडे गावात नव्हतो. तेव्हापासून पारावर, भिगवणच्या बाजारात, बारामतीला कामाला गेलो तर तिथंही एकच प्रश्न, "कुठं गेला होता?" एकानं तर विचारलं, "ऊस तुटायच्या आधीच बिल आलं का काय?" सांगून टाकतो. थोरला मुलगा ब्राझीलमध्ये साओ पावलो शहरात नोकरीला आहे. त्यानं आम्हा नवरा-बायकोला बोलावलं आणि आठवडाभर जहाजाच्या सहलीला नेलं. रिओला चढलो, ब्युनोस आयर्स, मोंटेव्हिडिओ बघितलं आणि परतीच्या वाटेवर एक दिवस सांतोस नावाच्या बंदरात उतरलो. खर्च सगळा मुलाचा. कारखान्याचा एक रुपया नाही. हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलंय, का ते पुढं कळेल.

बाकीच्या सहलीचं सांगत नाही. समुद्र सगळीकडं सारखाच. सांतोसच्या एका दिवसाचं मात्र सांगायलाच पाहिजे, कारण त्या दिवशी जे बघितलं त्याचा संबंध तुमच्या-माझ्या उसाच्या बिलाशी आहे.

सकाळी आठला उतरलो. प्रवाशांची बस बंदराच्या आतूनच बाहेर जाते. दोन्ही बाजूला लांबच लांब गोदामं, रेल्वेच्या वाघिणी, वरून जाणारे पट्टे आणि ते पट्टे थेट जहाजाच्या पोटात माल सोडतात. खिडकीतून आंबूस-गोडसर वास आला. बायको म्हणाली, "अहो, हा तर आपल्या कारखान्याच्या गेटवरचा वास." खरंच होतं. जगात सगळ्यात जास्त साखर निर्यात करणारा देश ब्राझील, आणि त्यांची सगळ्यात जास्त साखर जाते ती या सांतोसमधून. ऑक्टोबर 2013 मध्ये इथल्या कोपरसुकार कंपनीच्या गोदामांना आग लागली, सुमारे 1,80,000 टन कच्ची साखर जळाली आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या बाजारात साखरेचा भाव उसळला. म्हणजे आपल्या साखरेचा बाजार ज्या दोन-चार ठिकाणी हलतो, त्यातलं एक ठिकाण माझ्या खिडकीबाहेर होतं.

साखरेला तिथं काय म्हणतात? आसूकार. आपली शर्करा. इराणातून अरबांकडं, अरबांकडून पोर्तुगिजांकडं आणि पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलला. शब्द आपल्याकडून गेला आणि भाव तिकडून येतो. उलट तिकडून आपल्याकडं काजू आले, पपई आली, मिरची आली. बाजारात एक बाई बटाट्याला "बटाटा" म्हणाली तेव्हा आमच्या मंडळींना एवढा आनंद झाला की तिनं तिच्याकडून किलोभर पेरू घेतले.

सांतोसमध्ये कॉफीचा जुना बाजार आहे. 1922 सालची इमारत, आता तिथं संग्रहालय केलंय. मधल्या मोठ्या दालनात लाकडी खुर्च्या गोल मांडलेल्या, वर रंगीत काचेचं छत. एके काळी ब्राझीलच्या कॉफीचा भाव त्या खुर्च्यांवर बसून ठरायचा. भाव ठरवणारे व्यापारीच होते, मळ्यावर राबणारा मजूर नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण भाव ठरायला एक जागा होती आणि तो सगळ्यांच्या समोर ठरत होता, एवढं मनात राहिलं.

दुपारी मुलाच्या ऑफिसातला एक सहकारी साओ पावलोहून गाडीनं आम्हाला भेटायला आला. अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर. बरोबर त्याचे वडील. वडील पिरासिकाबाकडचे ऊस उत्पादक. माझ्याएवढंच वय, माझ्यासारखीच पायाला भेगा. नाव लिहीत नाही, विचारलेलं नाही. समुद्राकाठच्या बागेत बाकावर बसलो. ते पोर्तुगीजमध्ये बोलायचे, त्यांचा मुलगा इंग्रजीत सांगायचा आणि माझा मुलगा मराठीत. तीन टप्प्यांत गप्पा, तरी उसाला उसाची भाषा कळते. खोडवा किती घेता, पाणी किती, टनेज किती. त्यांच्याकडं बहुतेक ऊस पावसावर येतो. पाटपाणी नाही, टेलला पाणी पोचत नाही म्हणून मोर्चा नाही. हे ऐकून मी गप्पच झालो.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "दर काय मिळतो?"

त्यांनी टनाचा दर सांगितलाच नाही. खिशातून मोबाईल काढला आणि मागच्या हंगामातला एक तक्ता दाखवला. एकेका ओळीत एकेक गाडी. तारीख, गाडीचा नंबर, वजन आणि त्यापुढं आणखी एक आकडा. कुठं 128, कुठं 137, कुठं 146. मी विचारलं, हे काय? मुलानं समजून घेऊन सांगितलं, "आण्णा, त्या गाडीतल्या एका टन उसात किती किलो साखर निघू शकते, ते. प्रत्येक गाडीचं वेगळं मोजतात. पैसे त्या किलोवर मिळतात, टनावर नाही."

माझ्या आधी बायको वाकून बघत होती. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? ही तर आपल्या डेअरीची पावती आहे."

मित्रांनो, तीस वर्षं ऊस घालतोय. अहवाल वाचतो, सभेला जातो, पेपरातलं सगळं वाचतो. पण हे मला सुचलं नव्हतं, ते रोज सकाळी किटली घेऊन डेअरीवर जाणाऱ्या बाईला एका नजरेत कळलं.

विचार करा. आपल्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कुठल्याही वाडीवर जा. पाच लिटर दूध घालणारी म्हातारी असली तरी तिच्या दुधाचा नमुना घेतात, मशीनला लावतात, फॅट आणि एसएनएफ काढतात, पावती हातात देतात. 3.5 आणि 8.5 हे आकडे आपल्या पोरांनाही पाठ आहेत. शेजारणीच्या दुधात पाणी असलं तर तिचा दर पडतो, आपला नाही. सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे बारा महिने हे चालतं. शंभर-दोनशे रुपयांच्या दुधाला एवढी पावती.

आणि ऊस? आडसालीचा ऊस असेल तर दीड वर्ष रानात उभा. बेणं, खत, पाटपाणी, बांधणी, मजुरी. एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रेलरमध्ये लाखाच्या आसपासचा माल. पावतीवर काय येतं? वजन. बस. माझ्या उसात साखर किती होती, हे मला आयुष्यात कधी कुणी सांगितलेलं नाही.

आता पद्धत समजून घ्या, कारण इथंच सगळी गोम आहे. केंद्र सरकारनं 2025-26 च्या हंगामासाठी एफआरपी ठरवली क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. ती 10.25 टक्के उताऱ्याला. उतारा 0.1 टक्का वाढला की क्विंटलला 3.46 रुपये जादा. म्हणजे पूर्ण एक टक्का उतारा वाढला तर टनाला 346 रुपये. शंभर टनाला 34,600 रुपये. हा आकडा लक्षात ठेवा.

पण हा उतारा कुणाचा? तुमच्या उसाचा नाही. अख्ख्या कारखान्याचा. पोती किती निघाली भागिले ऊस किती गाळला. त्यात तुमचा चांगला पिकलेला 86032 आणि कुणाचा तरी कच्चा, पाणी पिऊन फुगलेला ऊस एकाच मापात. मेहनत करणारा आणि न करणारा एका दरात. कुणी म्हणेल, चालायचंच, सहकार आहे, उजवं-डावं व्हायचंच. ते मी एक वेळ सोडून देतो.

सोडता येत नाही ती गोष्ट दुसरीच. कारखान्याचा उतारा फक्त उसावर ठरत नाही. गाळप नीट झालं का, भुश्श्यात साखर किती गेली, मळीत किती गेली, कारखाना मधेच किती वेळा बंद पडला, तोडलेला ऊस गव्हाणीत पडायच्या आधी गाडीत किती तास सुकला, यावरही ठरतो. म्हणजे यंत्र कारखान्याचं, व्यवस्थापन कारखान्याचं, चूक कारखान्याची आणि उतारा घटला की दर पडतो तो माझा. त्यात आता इथेनॉल आलं. बी-हेवी मळी किंवा थेट रस इथेनॉलला वळवला की साखरेची पोती कमी निघतात. ती घट मिळवून उतारा काढायचा असतो, असा नियम आहे. पण ती बरोबर मिळवली का, हे सभासदानं कसं तपासायचं? गेटवर साखर किती आली हेच मोजलेलं नाही, तर आत गेल्यावर किती गळाली हे कुठल्या आकड्याशी ताडायचं?

पिरासिकाबाच्या त्या गृहस्थांकडं हाच प्रश्न सुटलेला आहे. गाडी गेटवर आली, वजन झालं की यंत्राची पोकळ नळी गाडीत तिरकी खुपसतात, मधल्या उसाचा नमुना काढतात, चिरडून रस काढतात, ब्रिक्स-पोल बघतात. त्यावरून टनामागं साखर किती निघू शकते ते किलोत काढतात. कारखान्याची यंत्रं किती टक्के साखर काढू शकली पाहिजेत, हेही आधीच ठरलेलं. त्यापेक्षा कमी निघाली तर तोटा कारखान्याचा. शेतकऱ्याला पैसे त्यानं आणलेल्या साखरेचे. मोजणारी प्रयोगशाळा कारखान्याची असली तरी तिच्यावर लक्ष ठेवायला शेतकरी संघटनांची माणसं असतात.

आणि त्या किलोचा भाव? साओ पावलो राज्यात त्यासाठी एक मंडळ आहे, नाव कोन्सेकाना. 1990 च्या दशकाच्या अखेरीला सरकारनं उसाचा दर ठरवणं सोडलं तेव्हा ते उभं राहिलं. त्यात कारखानदार आणि ऊस उत्पादक यांचे प्रतिनिधी समान संख्येनं. साखर देशात काय भावानं गेली, बाहेर काय भावानं गेली, इथेनॉल काय भावानं गेलं, हे सगळं धरून किलोचा भाव निघतो आणि दर महिन्याला जाहीर होतो. इथेनॉलचा पैसा त्यात आपोआप येतो. त्यासाठी वेगळं आंदोलन करावं लागत नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडं कायदा नाही म्हणून. आहे की! 2012 मध्ये रंगराजन समितीनं सांगितलं, साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा शेतकऱ्याचा, नुसत्या साखरेचा धरला तर 75 टक्के. 2013 मध्ये महाराष्ट्रानं त्यावर कायदा केला, ऊस दर नियंत्रण मंडळाची तरतूद केली. ब्राझीलमध्ये उसाचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे कागदावर आपला आकडा त्यांच्यापेक्षा मोठा. पण सत्तर टक्के कशाचे? जो आकडा कारखाना सांगेल त्याचे. ताट मोठं आहे, वाढणारा झाकून वाढतोय.

आणि जे हक्काचं आहे तेही वेळेवर घ्यायला कोर्टात जावं लागतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट आहे, ऊस घातल्यावर 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज. तरी फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारनं एफआरपीचे दोन तुकडे करायचा निर्णय काढला. तो मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केला मार्च 2025 मध्ये. मधले तीन हंगाम गेले.

आता येतो त्या वाक्याकडं, की खर्च कारखान्याचा नव्हता.

साखर धंद्यातली आपली मंडळी ब्राझीलला जात नाहीत असं नाही. संचालक जातात, अधिकारी जातात, पुढारी जातात. अभ्यास दौरा म्हणतात त्याला. मी ज्या कारखान्याला ऊस घालतो तिथलीही मंडळी मागं जाऊन आली. कोणता कारखाना ते लिहीत नाही, कारण हे दुखणं एका कारखान्याचं नाही आणि नाव लिहिलं की मुद्दा बाजूला राहून राजकारण सुरू होतं. आल्यावर व्हॉट्सअॅपवर फोटो आले. हार्वेस्टरपुढं फोटो, इथेनॉलच्या पंपापुढं फोटो, समुद्राकाठी गॉगल लावून फोटो. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहून विचारलं, दौऱ्याचा अहवाल कुठंय? उत्तर मिळालं, "अहवाल तोंडी आहे, चहाच्या वेळी सांगतो." सभागृहात हशा. मागून "मंजूर, मंजूर" आणि विषय संपला.

मी म्हणत नाही दौरे करू नका. जरूर करा. बाहेरचं बघितल्याशिवाय डोकं उघडत नाही, माझंच उघडलं ना एका दिवसात. पण ब्राझीलहून येताना काय काय आणलंत ते बघा. हार्वेस्टर आणला, कारण त्यात कंपनी आहे, कर्ज आहे, अनुदान आहे. इथेनॉल आणलं, कारण त्यात कारखान्याला पैसा आहे. ब्राझीलनं 1975 मध्ये इथेनॉलचा कार्यक्रम सुरू केला, हे भाषणात दहा वेळा ऐकलंय. पण गेटवर खुपसायची ती पोकळ नळी कुणाच्या डोळ्याला दिसली नाही? ऊस उत्पादकाच्या मोबाईलवरचा तक्ता दिसला नाही? दिसला असणार. पण ती वस्तू आणली की सभासद प्रश्न विचारायला लागतो, म्हणून ती तिकडंच राहिली.

आता नेहमीचे आक्षेप. मला ते तोंडपाठ आहेत, कारण आल्यापासून रोज ऐकतोय.

एक, "आपला शेतकरी लहान, त्यांचे मळे शेकडो एकरांचे. प्रत्येकाचं मोजणं शक्य नाही." मळा लहान असला तरी गाडी एकाच शेतकऱ्याची असते ना? टायरगाडी असो, जुगाड असो नाहीतर ट्रॅक्टर, चिटबॉय पावती एकाच नावानं फाडतो. काटा प्रत्येक गाडीचा होतो तर नमुना का नाही होणार? आणि पाच लिटर दुधाचं मोजमाप परवडतं, तर वीस टन उसाचं परवडत नाही, हे कुठलं गणित? अगदी प्रत्येक गाडीचं पहिल्या वर्षी नको. एका गेटवर एक यंत्र बसवा. प्रत्येक शेतकऱ्याच्या निदान एका खेपेचा नमुना घ्या. सुरुवात तर करा.

दोन, "आपल्याकडं तंत्रज्ञान नाही." हे तर बारामतीत बसून कुणी बोलूच नये. इथल्याच कृषी विज्ञान केंद्राच्या माळावर एआयचा ऊस उभा आहे, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीचा. त्याची चर्चा जगभर झाली आणि अभिमान मलाही आहे. उपग्रहावरून कळतं की माझ्या उसाला पाणी कधी द्यायचं, खत किती द्यायचं. मग शेकडो किलोमीटर उंचीवरून ऊस दिसतो आणि गेटवर चार फुटांवरून त्यातली साखर दिसत नाही? नाही मित्रांनो. दिसू द्यायची नाही.

आणि इंदापूरकरांनी "आपल्याला जमणार नाही" म्हणायचं? वालचंद हिराचंदांनी 1919 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला सोडलं. त्याच माणसानं आपल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवलं, साखर काढली. पुढं तिथंच साखर कारखान्यांची यंत्रं तयार व्हायला लागली. ज्या तालुक्यात कारखान्याची यंत्रं बनली, तिथं एक नळी बसवणं अवघड?

तीन, "मग ज्याचा उतारा कमी त्या गरिबाचं नुकसान होईल." हा आक्षेप खरा आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. एफआरपी हा तळ आहे. त्याच्या खाली कुणालाही जाऊ द्यायचं नाही. माझी मागणी एफआरपी काढायची नाही, हे ठळक अक्षरात समजा. तळ तसाच ठेवा. वर जे वाटायचं आहे, तुमचा दुसरा हप्ता, कांडेबिल, खोडकी, दिवाळीचं, ते साखरेच्या मापावर वाटा. आणि खरं सांगू का, वाटपापेक्षा मला मोजणी महत्त्वाची वाटते. सगळ्या गाड्यांची साखर मोजली की हंगामाच्या शेवटी बेरीज मिळेल, गेटवर एवढी साखर आली. दुसरीकडं पोती आणि इथेनॉलचा हिशेब. मधला फरक किती? तो फरक वाजवी असेल तर कारखान्याची शाबासकी. जास्त असेल तर उत्तर द्या. आज हा प्रश्नच विचारता येत नाही.

तोडीचंही तेच. कुणाचा ऊस डिसेंबरात तुटतो, कुणाचा मार्चपर्यंत वाळतो, कुणाच्या बांधावर टोळी न मागता येते आणि कुणाला मुकादमाच्या मागं फिरून वर खुशाली द्यावी लागते, हे गावाला माहीत असतं पण कागदावर नसतं. पावतीवर साखर आली की ताटकळलेल्या उसाचं नुकसान किलोत दिसेल.

चार, "कारखानेच अडचणीत आहेत." आहेत. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये 31 रुपये किलो झाली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं हलली नाही. त्याच काळात एफआरपी 275 वरून 355 वर गेली. 2023 पासून निर्यात कधी बंद, कधी थोडी. हे सगळं मला मान्य आहे. पण अडचण खरी असेल तर हिशेब उघडा करण्यात भीती कसली? आकडे दाखवलेत तर किंमत वाढवून मागायला आम्ही तुमच्याबरोबर दिल्लीला येऊ. झाकून ठेवलेल्या अडचणीवर विश्वास कसा ठेवायचा?

ब्राझील म्हणजे स्वर्ग आहे असं समजून परत आलो नाही. तिथला बराचसा ऊस कारखान्यांच्या स्वतःच्या किंवा भाड्याच्या जमिनीवरचा आहे. स्वतंत्र शेतकऱ्याची ताकद आपल्या सभासदापेक्षा कमी. त्यांना एफआरपीसारखा तळ नाही, बाजार पडला की दर पडतो. त्या मंडळाच्या आकड्यांवरही शेतकरी आणि कारखानदार भांडतात, हे त्या गृहस्थांनीच सांगितलं. ज्या उसावर हा देश उभा राहिला तो गुलामांनी तोडलेला, गुलामी संपली 1888 मध्ये, सगळ्या अमेरिका खंडात सर्वात शेवटी. यंत्रं आली तेव्हा तिथल्या ऊसतोड मजुरांचं काम गेलं. आपल्याकडं बीडहून येणाऱ्या कोयत्याचं काय करायचं हे ठरवल्याशिवाय नुसते हार्वेस्टर आणणं मला पटत नाही. म्हणूनच म्हणतो, त्यांच्याकडून सगळं उचलू नका. जे चांगलं आहे ते नेमकं उचला. आपण उलटं केलं.

आपल्याकडं त्यांच्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. सहकार. कारखाना आपला आहे, शेअर आपले, मत आपलं. पिरासिकाबाच्या त्या माणसाला कारखान्याचा मालक नसताना आपल्या साखरेचा आकडा मिळतो. मी मालक असून मला मिळत नाही.

निघताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्या उसात टनाला किती किलो?" तीन टप्प्यांतून प्रश्न माझ्यापर्यंत आला. मुलानं माझ्याकडं बघितलं. तीस वर्षं ऊस केलेल्या माणसाला उत्तर देता आलं नाही. मी सांगितलं, कारखान्याचा उतारा एवढा एवढा. ते म्हणाले, कारखान्याचा नाही, तुमचा. मी हसून वेळ मारून नेली. पाचला जहाज सुटलं. बंदर मागं जाईपर्यंत मी त्या गोदामांकडं बघत होतो.

म्हणून येत्या सप्टेंबरातल्या सर्वसाधारण सभेसाठी चार मागण्या लिहून ठेवा. कारखाना कुठलाही असो, पॅनेल कुठलंही असो.

पहिली, पावतीवर वजनाशेजारी साखर. निदान एका गेटवर, येत्या हंगामापासून.

दुसरी, प्रयोगशाळेत सभासदांनी नेमलेला एक जाणकार माणूस. कारखान्याच्या पगारावरचा नाही.

तिसरी, दर पंधरा दिवसांनी गेटवर आलेली साखर, पोत्यात भरलेली साखर आणि इथेनॉलला वळवलेली साखर, तिन्ही आकडे फलकावर आणि सभासदांच्या ग्रुपवर.

चौथी, कारखान्याच्या पैशानं कुणी परदेशी गेलं तर अहवाल लेखी, छापील, वार्षिक अहवालात. फोटो नसले तरी चालतील.

विषय निघाला की "मंजूर, मंजूर" ओरडणारे आधीच पुढच्या रांगेत बसलेले असतात. तेव्हा तुम्हीही लवकर जा आणि पुढं बसा. माईक बंद केला तर आवाज मोठा करा. कुणी हसलं तर त्याला एवढंच विचारा, "तुझ्या घरच्या दुधाचं फॅट किती?" तो लगेच सांगेल. मग विचारा, "आणि तुझ्या उसाचं?"

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा. शिव्या चालतील, पण आकडा घेऊन या.